फिरतीवरची झाडं

परदेशी माणूस चंद्रपुरात उतरला की लोक आधी वाघाची चौकशी करतात. कोणत्या गेटने जाणार, मागच्या आठवड्यात कोणाला दिसला, गाडी ठरली का. ती ब्रिटिश बाई लॉजवर आली तेव्हा मॅनेजरने तिला हेच विचारलं. वाघ नको, मला एक खड्डा बघायचा आहे, असं ती म्हणाली. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. चुनखडीच्या खाणीचा खड्डा, असा खुलासा मी केला. त्यावर त्याने मान हलवली आणि तिच्याकडून पासपोर्टची झेरॉक्स मागितली.

मी नागपूरहून निघणाऱ्या एका मराठी दैनिकासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला बाजार लिहितो. कोळसा, सिमेंट, धानाचे भाव, कापसाची आवक, तेंदूपत्त्याचे लिलाव. आमच्या संपादकांच्या ओळखीतून तिचा मेल माझ्याकडे आला होता. गाडी ठरवायची, भाषांतर करायचं, लोकांची गाठ घालून द्यायची, असं माझं काम होतं. बाई साठी ओलांडलेली, किडकिडीत, पायात जाड तळाचे बूट. आयुष्यभर तिने पैशाबद्दल लिहिलं होतं. कंपन्यांचे ताळेबंद, धातूंचे भाव, कोणी कोणाला विकत घेतलं आणि का.

गाडीवाला भाऊ पूर्वी कोळशाचा ट्रक चालवायचा. पहिल्या दिवशी भद्रावतीच्या पुढे त्याने मला हळूच विचारलं, "भाऊ, बाई कायची पत्रकार हाय?"

"कंपन्यांच्या पैशाची."

"मंग इकडं कायले आली? पैसा तं मुंबईत रायते."

मी हे तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, त्याला सांगा, पैसा लंडनमध्येही असतो. गाडीवाल्याने आरशातून तिच्याकडे बघून घेतलं. "मंग तं बाई लईच दूर आली," तो म्हणाला.

ज्या कंपनीच्या खड्ड्यासाठी ती आली होती तिचं नाव मी लिहीत नाही, तालुकाही सांगत नाही. आमच्याकडे सिमेंट म्हटलं की लोक गडचांदूरचं नाव घेतात. ही जागा ती नव्हे, एवढं पुरे. कंपनीने लंडनमध्ये कर्जरोखे विकले होते. चुनखडी काढून झालेले खड्डे आम्ही भरू आणि तिथे जंगल उभं करू, असं वचन त्यात होतं. त्या वचनामुळे कर्ज स्वस्तात मिळालं होतं. पुढे कंपनीच्या अहवालात दोन वेगवेगळ्या वर्षी दोन वेगवेगळ्या खड्ड्यांचे फोटो छापून आले. दोन्ही फोटोंत झाडं तीच होती, असा तिला संशय होता. उंची तीच, पुढच्या रांगेतलं एक रोप त्याच बाजूला वाकलेलं. वार्षिक अहवाल ती नेहमी शेवटच्या पानापासून उलट वाचायची. पुढच्या पानांवर चेअरमन हसत असतो, तिथे वाचण्यासारखं काही नसतं, असं तिचं म्हणणं.

हा संशय खरा आहे हे सांगणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. सगळा प्रश्न त्याच्या नोकरीचा होता.

तो कंपनीच्या पर्यावरण विभागात अधिकारी होता. वय तिशीच्या जरा पुढे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी ऑक्टोबरात स्वयंसेवक म्हणून उभे राहायचे, आणि मुलगा एमएस्सी होऊन कंपनीत लागला हे तिथे भेटेल त्याला सांगायचे. मुलगा मात्र अजून प्रोबेशनवरच होता. ते संपत आलं की कंपनी मुदत वाढवायची. आदल्या वर्षी त्याने मला रोपांची गोष्ट सांगितली होती. आमच्या दैनिकात ती छापली गेली नाही. कंपनीची जाहिरात दर आठवड्याला यायची, याहून जास्त कारण मला कोणी दिलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तिचा मेल आल्यावर मी त्याला फोन केला. तो बोलायला तयार झाला, पण गाडीत, काचा वर करून. मूलच्या रस्त्यावर एका ढाब्याच्या मागे आम्ही थांबलो. गाडीवाला भाऊ चहाला गेला.

"सर, माझी नोकरी जायला नको," तो मला म्हणाला. "बाकी काही म्हणा. आमच्या घरात कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालणारा मी पहिला. बाबांना काय सांगू?"

मी भाषांतर केलं. तिने पेन खाली ठेवलं आणि आधी अटी सांगितल्या. त्याचं नाव कुठेही येणार नाही. तो कोण हे या गाडीतल्या तिघांना आणि लंडनमधल्या एका संपादकाला माहीत असेल, त्याच्या पलीकडे कोणालाही नाही. छापायच्या आधी त्याच्याविषयीचं वाक्य त्याला ऐकवलं जाईल. या अटी तिने मला पुन्हा म्हणायला लावल्या, माझ्या शब्दांत, त्याच्यासमोर. मग पेन उचललं.

त्याने सांगितलं ते असं. खड्ड्याच्या तळाला मातीच नाही, वरून टाकलेला पातळ थर आहे, खाली दगड. कर्ज देणाऱ्यांची तपासणी यायची असली की रोपवाटिकेतून करंज, शिसू आणि बांबूची मोठी रोपं ट्रॅक्टरने आणायची. काळ्या पिशवीसकट मातीत बसवायची. वर माती ओढून पिशवीची कड झाकायची. पाहुणे गेले की उपटून परत न्यायची, कारण पुढची तपासणी दुसऱ्या खड्ड्यावर असते. एकाच जागी ठेवली तर मरतात. हे सगळं लावायची आणि काढायची देखरेख त्याच्याकडेच होती. अहवालातले फोटोही त्यानेच काढले होते.

परतीच्या वाटेवर तिने नोंदी तपासल्या. मग स्वतःविषयी बोलली. मी विचारलं नव्हतं. तिचा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका मासेमारीच्या बंदरात झाला. वडील मासळीच्या लिलावात बोली पुकारायचे. भाव कसा ठरतो हे तिने लहानपणी तिथे पाहिलं. एकजण भुवई उचलतो, दुसरा पाठ फिरवतो. गावच्या साप्ताहिकात ती अंत्यविधी आणि नगरपालिकेच्या सभा लिहायची. तिथे लघुलिपी शिकली, मग लंडनला एका वर्तमानपत्रात धातूंच्या बाजाराच्या बातम्यांचं काम मिळालं. बातमीदारांच्या त्या खोलीत ती एकटी बाई होती. सहकारी तिला दुपारी सँडविच आणायला पाठवायचे. ती आणायची, आणि ते जेवत असताना अहवाल वाचायची. पुढे एका मोठ्या कंपनीचा फुगवलेला नफा तिने उघड केला. चेअरमनला जावं लागलं. बातमी कोणी दिली ते सांगा असं न्यायालयाने बजावलं, तेव्हा तिने कपड्यांची बॅग भरून दाराशी ठेवली. तुरुंगात जावं लागलं नाही, समोरच्यांनी माघार घेतली. पण बॅग भरल्याचा तो दिवस तिच्या धंद्यातल्या लोकांना पाठ होता. आता तिच्या वर्तमानपत्राने तिला पगारावरून काढून कंत्राटावर घेतलं होतं. ही कदाचित शेवटची मोठी बातमी, असं ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक चालले होते.

खड्डा बघण्यासाठी तिने कंपनीकडे रीतसर परवानगी मागितली होती. मला ते पटलं नव्हतं. चोरून बघता येईल असा एक रस्ता मला माहीत होता. पण आधी दार वाजवायचं, अशी तिची पद्धत. कंपनीने परवानगी दिली आणि नागपूरहून जनसंपर्काचा एक माणूस पाठवला. पांढरं हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट. आम्ही खाली उतरलो तेव्हा रोपांच्या रांगा लागून तयार होत्या. आमचा अधिकारी थोडा लांब उभा होता. त्याने आम्हाला पहिल्यांदाच भेटल्यासारखा नमस्कार केला.

रोपवाटिकेच्या बायका पाट्या घेऊन सावलीला बसल्या होत्या. त्यांची मुकादम पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, माहेर वडशाकडलं. ठेकेदाराकडून तिला काम होतं, आणि तिच्या तोंडाला अख्खं गाव ओळखून होतं. ती ब्रिटिश बाई एका रोपाजवळ वाकली, बुटाच्या टोकाने माती सरकवली. काळ्या पिशवीची कड दिसली. जनसंपर्कवाला लगेच म्हणाला की पिशवी जमिनीत आपोआप कुजते.

सावलीतून मुकादम बाई म्हणाली, "कुजाले टाइम तं भेटला पायजे. आमचे झाडं वडशाच्या नाटक कंपनीवानी हायेत. आज या गावात परयोग, उद्या त्या गावात."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जनसंपर्कवालाही हसला, हसण्यावारी नेलं की संपेल असं त्याला वाटलं असावं. ब्रिटिश बाईने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. हिवाळ्यात वडशाहून नाटक मंडळ्या गावोगाव जातात, रोज नवं गाव, तोच पडदा आणि तेच कपडे, हेही समजावून सांगितलं. चांगलं वाक्य होतं आणि इंग्रजीत ते जमलं याचा मला आनंद झाला. तिने ते लघुलिपीत उतरवलं. मुकादम बाईला नाव विचारलं नाही. परवानगीही विचारली नाही. सगळ्यांसमोर, कंपनीच्या माणसासमोर, उघड्यावर बोललेलं वाक्य होतं.

ती परत गेल्यावर महिनाभर आमचे फोन चालले. वाद एका शब्दाचा नव्हता, पद्धतीचा होता. आमच्याकडे बातमीत 'सूत्रांनी सांगितले' असं लिहिलं की काम भागतं. तिच्याकडे तसं चालत नाही. नाव द्यायचं नसेल तर तो माणूस कोण, त्याला हे कसं माहीत, हे जितकं जमेल तितकं जवळ जाऊन सांगायचं, म्हणजे वाचकाला विश्वास ठेवता येतो.

"तुमचं सूत्र म्हणजे कोणीही असू शकतं," ती म्हणाली. "कधी कधी बातमीदार स्वतःच असतो."

ते खरं होतं. मी नाकारलं नाही.

तिच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'कंपनीच्या पर्यावरण विभागातला एक कर्मचारी'. लंडनमध्ये बसून ते पुरेसं धूसर वाटत असेल. मी तिला सांगितलं की त्या विभागात त्याचा साहेब आहे, तो आहे आणि त्यांचा जीपचा ड्रायव्हर आहे. साहेबाकडे कंपनीचे शेअर आहेत, तो बोलणार नाही, आणि ड्रायव्हरला तेलुगूशिवाय काही येत नाही. वाचणारा मिनिटभरात त्याच्यापर्यंत पोहोचेल. मग ती संपादकाशी आणि वकिलाशी बोलली, आणि वाक्य झालं, 'लागवड प्रत्यक्ष पाहिलेल्या एका व्यक्तीने सांगितले'. मी ते आमच्या माणसाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने दोनदा ऐकलं. "चालेल," तो म्हणाला. आवाजात जीव आल्यासारखा वाटला.

प्रसिद्ध करण्याआधी तिने कंपनीला सगळे मुद्दे पाठवून उत्तर मागितलं. तीही तिची पद्धत. कंपनीने कळवलं की आरोप निराधार आहेत आणि रोपांची निगा तज्ज्ञांच्या सल्ल्याने राखली जाते. ते उत्तर तिने जसंच्या तसं छापलं. मुकादम बाईचं वाक्यही छापलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात. 'रोपं लावणारी एक स्त्री म्हणाली' एवढंच. त्या वाक्यावर आम्ही एकदाही चर्चा केली नव्हती. जो सांभाळून घ्या म्हणाला त्याला आम्ही सांभाळत होतो. मुकादम बाई तसं काही म्हणाली नव्हती.

लंडनमध्ये कर्जरोख्यांचा भाव थोडा पडला आणि काही दिवसांत सावरला. इकडे मराठी दैनिकांत त्या लेखावरून चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत नेमकं नाटक कंपनीचं वाक्य आलं, कारण तेवढंच वाचनीय होतं. पानठेल्यावर लोक ते एकमेकांना ऐकवायला लागले. गाडीवाला भाऊ मला भेटला तर हसत म्हणाला, "काय भाऊ, उद्या कुठं परयोग?" कोण बोललं असेल हे कोणाला विचारायची गरज पडली नाही.

अधिकाऱ्याचा फोन आला तो दुपारी. बाजाराच्या दिवशी, सुकी मासळी विकणाऱ्यांच्या रांगेमागे आम्ही भेटलो. तिथे कोणी कोणाकडे लक्ष देत नाही.

"सर, मुकादम बाईला काढून राह्यले," तो म्हणाला. "ठेकेदार म्हणते, कंपनीतून लेखी पाहिजे. लेखी मी द्यायचं. ती माझ्या हाताखाली आहे ना. कामात हयगय, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, असं लिहा म्हणतात."

"मग?"

"मग काय? नाही लिहिलं तर विचारतील, तुला हिचा एवढा कळवळा काऊन? ते विचारले म्हणजे माझं झालं."

"तिला काय वाटतं, आम्हाला हे कोणी सांगितलं—"

"तिले काय वाटते ते मी इचारलं नाई," तो एकदम घरच्या बोलीत गेला. "इचारू बी शकत नाई. सर, त्या मॅडमना म्हणा ना. एवढंच कळवा म्हणावं कंपनीला, की माहिती या बाईने दिलेली नाही. माझं नाव नका घेऊ. फक्त ही नव्हती, एवढं."

मला ते रास्त वाटलं. मी त्याच संध्याकाळी लंडनला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. आवाज चढवला नाही.

ती गावच्या साप्ताहिकात होती तेव्हाची गोष्ट तिने सांगितली. तिच्या संपादकाने नगरपालिकेच्या एका खात्यातल्या गैरव्यवहाराची बातमी छापली होती. संशय एका कारकून बाईवर गेला. ती घाबरून रडत संपादकाकडे आली. भला माणूस. त्याने अधिकाऱ्यांना फोन करून सांगितलं, ही नव्हे. मग त्यांनी दुसऱ्या नावाबद्दल विचारलं. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्यातूनच त्यांना हवं ते मिळालं.

"एकाबद्दल नाही म्हटलं की पुढच्याबद्दल गप्प राहणं म्हणजे हो," ती म्हणाली. "मी कोणाबद्दलच काही म्हणत नाही. न्यायालयातही म्हटलं नाही."

"न्यायालयात तुमची बॅग होती," मी म्हणालो. "इथे दुसरीची रोजी जाते आहे."

"मला माहीत आहे."

"ती मजुरी करणारी बाई आहे. तिला ठेकेदाराने गेटवरून परत पाठवलं की तिच्याकडे दुसरं काही नाही."

"आणि त्याच्याकडे?"

माझा नियम मोडायला सांगू नका असं ती म्हणाली नाही, पण ती तो मोडणार नाही हे कळलं. मला तिचा राग आला. तिचं चुकलं असं मात्र तेव्हाही म्हणता येत नव्हतं. तिने माझ्यासमोर, ढाब्यामागे, त्याला शब्द दिला होता, आणि तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा म्हणवून घेतला होता.

अधिकाऱ्याने त्या लेखी कागदावर सही केली. मुकादम बाईचं काम सुटलं. तिच्या जागी दुसरी आली, कमी बोलणारी. त्या पावसाळ्यात रोपं पुन्हा लागली. पिशव्या काढल्या होत्या असं ऐकलं, निदान पहिल्या रांगेतल्या. पुढे काही महिन्यांत त्याला कायम केलं. त्याच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर मला गाठून पेढा दिला. "पोरगा परमनंट झाला," म्हणाले. मुलगा मात्र बाजारात दिसला तर रस्ता ओलांडायचा. मीही हाक मारायचो नाही.

लंडनहून ती अधूनमधून फोन करायची. दर वेळी पहिला प्रश्न एकच, आपला माणूस सुरक्षित आहे ना. आहे, मी सांगायचो. ते खरं होतं.

हिवाळ्यात मला वडशाला जावं लागलं. नाटकांच्या बुकिंगवर लिहायचं होतं. कोणत्या गावाने कोणती मंडळी ठरवली, गावाची मंडई, म्हणजे जत्रा, कधी, मंडपवाल्याला किती काम. बुकिंगच्या कार्यालयांच्या गल्लीत एका टपरीवर मी चहा मागितला आणि आतून आवाज आला.

"या पत्रकार भाऊ. आज इथी परयोग काय?"

मुकादम बाई होती. भावाकडे राहायला आली होती. सकाळी राइस मिलमध्ये साळ वाळवायची, दुपारी भावाच्या टपरीवर बसायची. तिने मला स्टूल दिलं, भजी पुढे केली. मी विचारण्याआधी तिनेच विचारलं, "तुमचा साहेब कसा हाय? परमनंट झाला मने."

"झाला."

"व्हणारच होता." तिने कढईतला झारा हलवला. "तो का वाईट पोरगा हाय? नाई. रोपं लावताना आमच्यासंगं चिखलात उभा रायचा. पण भेकड हाय."

त्यात राग फारसा नव्हता. एखाद्याचा पाय अधू आहे असं सांगावं तशी ती बोलत होती. मी म्हणालो की तिचं नाव पुढे आलं याचं आम्हाला वाईट वाटलं. लंडनच्या बाईला कंपनीला कळवता येत नव्हतं, कारण तिचा नियम आहे, एकीचं नाव वगळलं तर दुसऱ्याचं कळतं.

ती हसली.

"कोनाचं कळते? भाऊ, ते तं मीच सांगतलं होतं."

"काय?"

"ठेकेदारानं बोलावलं ना मले. मनला, तू बोललीस. मी मनलं, मी फकत नाटकाची मस्करी केली, ते बी सगळ्याइच्या समोर. बाकी सारं साहेबानं सांगतलं, मूलच्या रस्त्यावर, गाडीत बसून. माह्या भाच्यानं पायलं होतं, त्याच ढाब्यावर काम करते तो."

"मग ठेकेदार काय म्हणाला?"

"चूप बस मनला. असं नाव घेशील तं गावात राहू देनार नाई. आफिसरनं सांगतलं असं झालं तं कंपनी खोटी पडते. बाईनं मस्करी केली, त्यात काय जाते?" तिने झारा खाली ठेवला. "मानेजरले बी ठाऊक हाय. सगळ्याइले ठाऊक हाय. त्या पोराले तेवढं ठाऊक नसन."

मी चहा संपवला. पैसे देऊ लागलो तर तिने घेतले नाहीत, आणि मग म्हणाली, बरं द्या, नाहीतर भाऊ रागवेल. रस्त्यावर एका मंडळीचा टेम्पो उभा होता, त्यात पडदे आणि लाकडी सिंहासन चढवत होते.

म्हणजे जे आम्ही सांभाळलं असं समजत होतो ते पहिल्या दिवसापासून उघड होतं. त्याची नोकरी आमच्या वाक्यामुळे वाचली नव्हती, लंडनच्या मौनामुळेही नाही. त्याला काढणं म्हणजे बातमी खरी आहे असं कबूल करणं, म्हणून कंपनीनेच त्याला सांभाळलं. मग कायम केलं, आणि बाईला काढायच्या कागदावर त्याचीच सही घेतली. आता तो पुन्हा कोणाशी बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी लंडनचा फोन आला. तिचं कंत्राट संपलं होतं, पुढे वाढवणार नव्हते. नव्या बातमीदारांसमोर तिला एक भाषण द्यायचं होतं आणि त्यात ही गोष्ट सांगायची होती, गाव आणि कंपनी न सांगता. दूरच्या जिल्ह्यातला एक माणूस आणि त्याला दिलेला शब्द पाळला गेला, असं काहीसं.

मी तिला वडशाला ऐकलेलं सगळं सांगितलं. पेनाचा आवाज येत होता, ती लिहून घेत होती.

"हे ती नावानिशी बोलायला तयार आहे का?" शेवटी तिने विचारलं.

हा प्रश्न मी टपरीवर उठताना विचारला होता. सवयीने. "लिवा ना," मुकादम बाई म्हणाली होती, "माहं नाव लिवा, भावाचं लिवा, टपरीचा पत्ता बी लिवा. मी का कोनाले भेते?"

तयार आहे, मी सांगितलं.

मुकादम बाईचं नाव छापलं की ती ज्या विभागाखाली काम करायची तो कळतो आणि तिच्यावरचा अधिकारी कळतो. ते लंडनच्या बाईला मी सांगायची गरज नव्हती. भाषणात तिने ती गोष्ट घेतली नाही, असं तिने नंतर कळवलं. दुसरी कोणती घेतली ते मी विचारलं नाही.

तो अधिकारी अजून तिथेच नोकरीला आहे. मुकादम बाईने मोकळेपणाने दिलेलं नाव माझ्याकडे आहे, आणि ते मी इथेही लिहिलेलं नाही.